मांडणी: डिम्फ्ना केव्हनी

फिडेल्मा टॅन्सी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. नेमकं त्याच आठवड्यात तिला जिल्ह्याच्या नव्या वाचनालयाच्या भिंतीचं काम मिळालं होतं. चार मीटर रुंदीचं, लोकर घट्ट लाटून केलेलं फेल्ट हवं होतं, आणि विषय होता डोंगरामागची दलदल, आमचा बॉग, जिथून आम्ही सगळ्यांनी लहानपणी चुलीसाठी टर्फची, म्हणजे जळाऊ मातीची, ढेकळं वाहून आणलीत.

"डिम्फ्ना, मेले गं मी," ती फोनवर रडली. "तू ये. मी सांगते तसं मांड. भिंतीवर दोघींची नावं लागतील. आईशप्पथ."

मी गेले. तीस वर्षं मी फेल्ट करतेय, आणि माझं नाव आजवर फक्त चर्चच्या जत्रेतल्या टेबलावर लागलंय, तेही टोप्यांच्या ढिगाशेजारी. भिंतीवर नाव म्हटल्यावर मी हुरळले. खोटं कशाला बोलू?

दर गुरुवारी फेल्ट करायला जमणाऱ्या आम्हा बायकांची एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण मोडत कुणी नाही. लोकर जी मांडते, काम तिचं. एकावर एक आडवे-उभे थर, रंग, रेषा, सगळं त्या मांडणीतच ठरतं. मग साबणाचं कोमट पाणी शिंपडून, जाळीत गुंडाळून ते लाटायचं, हजारो वेळा, लोकर आक्रसून घट्ट होईपर्यंत. मोठं काम असलं की लाटायला सगळ्या जमतात. लाटणारीला सूप आणि सोडा ब्रेड मिळतो, नाव मिळत नाही. त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते.

मांडायला बसण्याआधी मी नमुना केला. फूटभर लोकर लाटून सात इंच उरली.

"फिडेल्मा, चार मीटर हवं तर मांडणी सात मीटरची लागेल."

"माझी शेड साडेपाच मीटरची आहे. भिंत पाडू का?"

"चर्चचा पॅरिश हॉल मागू या की."

"म्हणजे अख्ख्या गावाने येऊन बघायचं, मी खुर्चीत बसलेय आणि तू मांडतेयस? नको गं बाई."

तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी साडेपाच मीटरवर मांडायला लागले.

नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस फिडेल्माने सूचना दिल्या, तिसऱ्या दिवसापासून ती फोनमध्ये डोकं घालून बसली. माझ्या शेजाऱ्याच्या मेंढ्यांची तपकिरी लोकर खाली, त्यावर काळी. टर्फ कापल्यावर कडेला फावड्याच्या पायऱ्या राहतात ना, त्या मी एकेक करून मांडल्या. माझे वडील डावखुरे होते, त्यांच्या पायऱ्या उलट्या बाजूला उतरायच्या. तशाच उतरवल्या. डबक्यातल्या पाण्याला रेशमाचे धागे घातले. नवव्या दिवशी गुडघे धरून उभी राहिले, खाली बघितलं, आणि मला रडू आलं. इतकं चांगलं मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सहाजणी लाटायला आल्या. कन्सेप्टा आल्या आल्या म्हणाली, "फिडेल्मा, तू फक्त बस हं. बसण्यात तुझा हात कोणी धरणार नाही." सगळ्या हसल्या, फिडेल्मा सोडून. दुपारपर्यंत बाह्या ओल्या झाल्या आणि कंबरा गेल्या. फिडेल्मा दर अर्ध्या तासाने टेप लावत होती. चार मीटर भरल्याबरोबर ती ओरडली, "थांबा! झालं!"

मी पृष्ठभागाला चिमटी लावून ओढली. लोकरीचा झुपका वर आला. तयार फेल्टातून केसही सुटत नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो.

"झालं नाही," मी म्हटलं. "अजून निदान अख्खा दिवस लाटायला हवं. नाहीतर टांगल्यावर स्वतःच्याच वजनाने लोंबेल."

"अजून लाटलं तर दोन्ही बाजूंना भिंत उघडी पडेल. कौन्सिलने मापं लिहून घेतलीत. मी पाठीला कापड लावीन, तू काळजी करू नकोस."

कन्सेप्टा माझ्याकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या. आता भांडले तर नाव जाईल, एवढंच डोक्यात होतं. मग मी सूप वाढायला घेतलं.

मे महिन्यात उद्घाटन झालं. कौन्सिलर आले, भाषण झालं, फिडेल्माने प्लास्टर सुटलेल्या हाताने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. मी गर्दीतून वाट काढत भिंतीवरच्या नावाच्या कार्डापाशी गेले. 'फिडेल्मा टॅन्सी. लाटण्यास साहाय्य: गुरुवारच्या मैत्रिणी.'

मी तिला सँडविचच्या टेबलाशी गाठलं. "मी लाटणारी झाले का गं?"

"अगं, करार एकाच्या नावाने होता. माझ्या हातात काही नव्हतं."

"हातात प्लास्टर होतं तुझ्या. नऊ दिवस हात माझे होते."

"इथे तमाशा नको, डिम्फ्ना. मला तुझी किती कदर आहे, तुला माहितीय."

तमाशा मी केला नाही. घरी येऊन सिंकमधल्या बशा इतक्या जोरात घासल्या की एक फुटली. त्यानंतर गुरुवारी जाणं सोडलं. फिडेल्माचा फोटो दोनदा पेपरात आला, दोन्हीत ती माझ्या पायऱ्यांवर बोट ठेवून उभी होती.

ऑक्टोबरात वाचनालयात हीटिंग सुरू झालं आणि बॉग खाली यायला लागला. आधी मधला भाग पोटासारखा लोंबला. मग खालची कड वीतभर उतरून पुस्तकांच्या कपाटावर टेकली. अंगभर लोकरीचे गोळे आले.

नोव्हेंबरात कन्सेप्टाचा फोन आला. "तुझं नाव लागलंय भिंतीवर."

"थट्टा करू नकोस."

"फिडेल्माने वाचनालयाच्या कमिटीला सांगितलं, माझा हात मोडला होता, मांडणी सगळी डिम्फ्नाची, थर पातळ पडले त्याला मी काय करू. लगेच नवीन कार्ड छापलं त्यांनी. रांडेचीने आयुष्यात एकदा खरं बोलायचं ठरवलं, ते हे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हणाले मी, लाटणं कमी पडलं, डिम्फ्नाने चिमटी लावून सांगितलं होतं. ती म्हणाली, मग डिम्फ्ना गप्प का बसली? त्यावर मी काय बोलू, तूच सांग."

मी फोन ठेवला आणि बसचं वेळापत्रक काढलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले. कार्ड खरंच नवीन होतं. फिडेल्माच्या नावाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत: 'मांडणी: डिम्फ्ना केव्हनी.' स्पेलिंगसुद्धा बरोबर, जे आमच्या पोस्टातही कधी जमत नाही. मागे दोन बाया उभ्या होत्या. एक म्हणाली, "शाळेतल्या मुलांनी केलंय का?" दुसरीने वाकून कार्ड वाचलं आणि म्हणाली, "नाही, कोणी केव्हनी आहे."

त्या गेल्यावर मी पुढे झाले. वडिलांच्या पायऱ्या ओढल्या जाऊन वाकड्या झाल्या होत्या, तरी उतरत डावीकडेच होत्या. मी चिमटी लावली. झुपका अलगद हातात आला.

"मॅडम, कृपया हात लावू नका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तसंही उतरवणारच आहोत सोमवारी, पण नियम आहे."

"मी केलंय हे," मी म्हटलं.

तिने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बिचारी लाजली. "ओह. टॅन्सी की केव्हनी?"

"केव्हनी," मी म्हटलं, आणि झुपका कोटाच्या खिशात टाकला.