उरलेल्या गोळ्यांची पेढी

कुंडलिकदादांनी उभ्या जन्मात डॉक्टरकीचा एकही धडा वाचला नव्हता. पण डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात त्यांची हयात गेली होती, आणि ठाकुर्लीच्या त्या चार मजली इमारतीला तेवढी पदवी पुरेशी होती. ज्याने लाखो गोळ्या पाकिटांत भरल्या, त्याला गोळीतलं कळणार नाही तर कुणाला?

निवृत्तीनंतर त्यांनी पेढी काढली. फरसाणाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि नियम एकच: डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेल्या डब्यात आणून टाकायच्या. ताटात अन्न टाकू नये असं मानणाऱ्या माणसांना हे लगेच पटलं. तळमजल्यावरचा अर्धा ताप तिसऱ्या मजल्यावरच्या खोकल्याला लागू पडू लागला. दादा कुणाकडून छदाम घेत नसत, आणि रात्री-अपरात्री उठवलं तरी कधी कुरकुरत नसत.

त्यांची मुलगी रचना कल्याणच्या एका नर्सिंग कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. "बाबा, अर्धवट डोसाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात," असं तिने कितीदा सांगून पाहिलं. दादा हसत. "तू पोरींना पास कर, मी माणसं बरी करतो."

मग त्यांना स्वतःलाच लघवीचा जंतुसंसर्ग झाला. डब्यातल्या दोन-तीन जातींच्या गोळ्या त्यांनी स्वतःवर चालवून पाहिल्या. हॉस्पिटलात नेलं तोवर संसर्ग रक्तात उतरला होता आणि तिथली बहुतेक सगळी अँटिबायोटिकं त्या जंतूपुढे फिकी पडली. दादा गेले.

इमारतीच्या गच्चीवर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना आणि पंचशील म्हणून झालं, आणि लोक एकेक करून आदरांजली वाहायला उठू लागले. फोटोशेजारी तो डबाही ठेवला होता. सोसायटीचा सेक्रेटरी रवींद्र याने त्याला हार घातला होता.

रचना शेवटी बोलणार होती. बाबा कशाने गेले ते सांगायचं आणि डबा आजच बंद करायचा, हे तिने ठरवलं होतं. कारण तिसऱ्या रांगेत सहा महिन्यांची गरोदर प्रीती खोकत बसली होती, आणि तिची सासू बायजाबाई डब्यावरून नजर हलवत नव्हती.

"आज नको गं," आई, शांताबाई, कानाशी म्हणाली. "गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत नको."

पहिला उठला कमलेश. "दादांनी मला जुलाबावर गोळी दिलेली. संध्याकाळी मी नेहमीसारखा क्वार्टर घेऊन बसलो. अरे काय सांगू, आतडी बाहेर यायची बाकी! छातीत नुसती धडधड. तेव्हापासनं वास आला तरी मळमळतं. दारू न पिण्याचं पाचवं शील मला पाळायला कुणालाच लावता आलं नव्हतं, दादांच्या गोळीने लावलं!"

टाळ्या पडल्या. मेट्रोनिडॅझोल, रचनाच्या मनात आलं. मद्याबरोबर वर्ज्य. परीक्षेत हमखास विचारतात.

शेवंतीमावशी उठल्या. "मला घशाला दिलेली. अंगभर लाल चट्टे! दादा म्हणाले, मावशी, उष्णता बाहेर पडतेय. पुढच्या वर्षी परत दिली, परत चट्टे. एवढी उष्णता होती माझ्यात, मलाच ठाऊक नव्हतं."

पेनिसिलिन गटाची अ‍ॅलर्जी. मावशी जिवंत उभ्या होत्या हेच नवल.

मग प्रीतम. पोलीस भरतीसाठी पळत असताना त्याला ताप आला, दादांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, आणि टाचेवरची शीर अशी धरली की पळणं कायमचं सुटलं. "मग रिक्षा घेतली. आज दोन आहेत. नोकरीत अडकलो असतो. दादांनी वाचवलं."

फ्लुरोक्विनोलोन गटाचा हा दुष्परिणाम विद्यार्थिनींच्या लक्षात राहत नसे. आता हा दाखला द्यायला हवा, आणि घरी गेल्यावर बाबांनाही सांगायला हवं, ते पोट धरून हसतील, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग बराच वेळ ती आपल्या चपलांकडे पाहत राहिली.

रवींद्रने माईक घेतला. "दादांचं कार्य थांबता कामा नये. आता तर शिकलेली मुलगी आहे! डबा रचनाताईंच्या हाती सोपवतो." हारासकट डबा तिच्या हातात आला.

"बाबांच्या जंतूला औषधं लागू पडली नाहीत," रचना म्हणाली. "अर्धी अर्धी औषधं खाऊन त्याला त्यांची सवय झाली होती. ती सवय या डब्याने लावली. तुम्हा सगळ्यांच्या अंगातही तेच चाललंय."

शांताबाईंनी मान खाली घातली. रवींद्रने हळूच माईक काढून घेतला.

"ऐकलंत मंडळी? दादांच्या अंगात औषध एवढं मुरलेलं, की त्यांच्यापुढे हॉस्पिटलचीसुद्धा मात्रा चालली नाही!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत बायजाबाई पुढे आल्या.

"रचे, बोहनी माझी. प्रीतीचा खोकला सुटत नाही बघ. मागे माझ्या कफावर चाललेली ती कॅप्सूल..." बोलता बोलता त्यांनी डब्यातून पट्टी उचललीही. डॉक्सिसायक्लिन.

"मावशी, ती बाळाच्या दाताहाडांत जाऊन बसते. पोटुशीला चालत नाही. डॉक्टरकडे न्या."

"पुस्तकातलं नको सांगू. दादा असते तर एव्हाना दिली असती." बायजाबाईंनी पट्टीतून कॅप्सूल काढून सुनेच्या तळहातावर ठेवली. "घे गं, पाणी आण."

"बाबांनीच सांगून ठेवलंय," रचना म्हणाली.

बायजाबाई थांबल्या.

"हॉस्पिटलात, माझा हात धरून म्हणाले. पोटुशीला डब्यातलं काही म्हणजे काही द्यायचं नाही."

तासाभरापूर्वीच तिने सगळ्यांबरोबर खोटं न बोलण्याचं शील म्हटलं होतं. हॉस्पिटलात बाबांच्या घशात नळी होती. ते एक शब्दही बोलले नव्हते, आणि तेच तिला सलत होतं.

"दादा म्हणाले? मग राहू दे बाई." कॅप्सूल सुनेच्या हातातून परत डब्यात गेली. "अजून काय म्हणाले गं?"

खुर्च्या पुढे सरकल्या. मघाशी कंटाळून फोन काढलेल्यांनी तो खिशात ठेवला.

"म्हणाले, सर्दीला अँटिबायोटिक नको. डॉक्टरने दिलं तर सांगेल तितके दिवस घ्यायचं, मधे सोडायचं नाही. म्हणाले, शेवंतीमावशींनी कुठल्याही डॉक्टरला आधी चट्ट्यांचं सांगायचं." तिचा आवाज वर्गातल्यासारखा होऊ लागला तसा तिने तो खाली आणला. "आणि डब्यात कुणी काही टाकायचं नाही. पेढी बंद. ही त्यांची शेवटची इच्छा."

माना डोलत होत्या. वर्षभर शिकवूनही वर्गात इतक्या कधी डोलल्या नव्हत्या.

"पण ताई," रवींद्र घुटमळला, "दादा तर बेशुद्ध होते ना? मी बघायला आलेलो तेव्हा."

रचना डब्यावरचा हार सारखा करू लागली.

"पहाटे शुद्धीवर आलेले," शांताबाई म्हणाल्या. "नळी काढलेली थोडा वेळ. मी होते ना तिथे." त्यांनी पदर सावरला आणि सेक्रेटरीकडे सरळ पाहिलं. "तुझंही नाव घेतलं त्यांनी. म्हणाले, रवींद्रला सांग, पाण्याची टाकी कधीची धुतली नाही, जुलाब त्यानेच होतात."

रवींद्रचे डोळे भरून आले. "हे मात्र दादाच बोलू शकतात," तो म्हणाला.