दंडाच्या खुर्च्या

माझ्या भिशीत दंडातून कोणी सुटत नाही. उशीर झाला, दंड. बैठक चालू असताना फोन वाजला, दंड. पाद्रीबाबांची बायको असली तरी दंड. किसुमूच्या कोंडेले बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे, तिथेच दर रविवारी आम्ही बाया जमतो. आपोंडी सख्ख्या आईलाही सोडायची नाही, असं त्या माझ्या पाठीमागे बोलतात. बोलू देत. हिशेब चोख राहतो ना, मग झालं.

पण दंड मागायला आपल्या पायांनी कोणी माझ्याकडे येईल असं मला वाटलं नव्हतं. आला तो माझाच धाकटा भाऊ, ओमोलो.

"ताई, मला दंड लाव."

"कशाचा रे? काय केलंस?"

"काहीच करत नाही, म्हणून तर आलोय."

खरंच होतं ते. हिशेबनिसाच्या परीक्षेचा शेवटचा पेपर राहिला होता त्याचा, आणि त्यात दोनदा नापास झाला होता. डोकं नव्हतं म्हणून नाही हो! कॉम्प्युटरवर एकीकडे अभ्यास उघडायचा आणि दुसरीकडे फुटबॉलच्या बातम्या. कुठला खेळाडू कुठल्या क्लबात चाललाय, कितीला चाललाय, का चाललाय. त्याखाली लागोसच्या कुठल्याशा माणसाशी भांडण. कधी तोंड बघितलं नव्हतं त्या माणसाचं, पण दुपारभर त्याला उत्तरं देत बसायचा. आमच्या घरात पाहुण्यापेक्षा जास्त नाव त्या लागोसवाल्याचं निघायचं.

आणि या पेपरावर नुसती नोकरी अडलेली नव्हती. माझ्या समोरच्या औषधांच्या दुकानात अविनो बसते. गोड पोरगी, हसली की गिऱ्हाईक ताप विसरतं. तिचं आणि ओमोलोचं ठरलेलं होतं, फक्त तिच्या आईचा होकार बाकी होता. आईनं एकच निरोप धाडला होता, "पोरानं हातात घेतलेलं एक तरी काम पुरं करून दाखवावं, मग माझ्या अंगणात पाऊल टाकावं."

ओमोलोनं फोनमध्ये आणि कॉम्प्युटरवर एक ॲप घेतलं होतं. नको त्या पानावर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त रेंगाळलात की ते तुमच्या खात्यातून आपोआप पैसे कापतं आणि तुम्ही सांगाल त्याच्या फोनवर धाडतं. त्यानं माझा नंबर घातला. पहिल्या आठवड्यात माझ्या फोनला उसंत नव्हती. फायदा शून्य! कारण दंड भरून झाला की स्वारी माझ्याच दुकानात यायची, चहा प्यायची, तळलेली गोड मांदाझी तोंडात कोंबायची आणि वर म्हणायची, "ताई, आजचं जेवण तुझ्याकडे हं."

"हा दंड आहे की खानावळ?" मी कात्री आपटली. "ज्याच्याकडून एक दमडी परत मागता येणार नाही, असं माणूस शोध."

"असं कोण आहे?"

मी समोरच्या औषधांच्या दुकानाकडे बघितलं. त्यानंही बघितलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

"ताई, नाही हं! तिची आई? मी त्यांच्यासमोर पाणीसुद्धा पीत नाही!"

"म्हणूनच."

आमच्या लुओ माणसांत जावयानं सासूपासून चार हात लांब राहायचं असतं. तिच्यासमोर जेवायचं नाही, नजर वर करायची नाही, मग दिलेले पैसे मागणं तर दूरच. मी स्वतः नंबर घातला, तो बदलायचा पासवर्डही मीच ठेवला आणि त्याला सांगितला नाही. अविनोलाही सांगायचं नाही असं ठरलं, कारण त्याला लाज वाटत होती.

औषध लागू पडलं बाई! पहिले काही दिवस भराभर पैसे गेले. एका शनिवारी तर एवढे गेले की त्यानं रात्री मक्याच्या पिठाच्या कोरड्या उगालीवर भागवलं. मग कमी झाले. मग पुस्तक उघडं आणि फुटबॉल बंद. लागोसवाला बिचारा एकटाच भांडत बसला असेल. मला इतका आनंद झाला की मी त्याला नवा सदरा शिवायला घेतला.

पेपर सोमवारी होता. आधीच्या गुरुवारी ओमोलो माझ्याच दुकानात अभ्यास करत बसला होता, आणि अविनो रस्ता ओलांडून आली. डोळे लाल.

"ओमोलो, तुझ्या मनात नसेल तर तोंडावर सांग."

"काय झालं?"

"आई मला घरी बोलावतेय. म्हणते, त्या मुलाचं मन फिरलं. तू तिला पैसे पाठवत होतास, मला एका शब्दानं बोलला नाहीस. आणि आता अचानक बंद केलेस! गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणते."

मी कपाळावर हात मारला. आमच्यात मुलगी मागताना आधी मुलीच्या आईच्या हातावर पैसे ठेवतात, आणि तिनं ते ठेवून घेतले की तिचा होकार झाला. ही माउली इतके दिवस दंडाचे पैसे होकाराचे म्हणून घेत होती! जावयाला फोन करून कशाचे पैसे, असं विचारणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. पोर गरीब आहे, जमेल तसं देतंय, असं समजून ती गप्प राहिली. आणि इकडे आमचं पोर सुधारलं म्हणून पैसे थांबले.

ओमोलोनं काय करावं? अविनोला उत्तर द्यायच्या आधी त्यानं कॉम्प्युटर ओढला, फुटबॉलचं पान उघडलं आणि दात आवळून बघत बसला. कडू काढा पितात तसं तोंड केलं होतं.

"काय करतोयस?" मी ओरडले.

"दंड लागू दे! आत्ता पैसे जातील त्यांना!"

"सोमवारी पेपर आहे, मुडद्या!"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि सगळं अविनोला सांगितलं. ती आधी चिडली, मग तोंडाला ओढणी लावून हसायला लागली, मग परत रडायला लागली. "आईला हे कोण सांगणार?"

कोण सांगणार? मीच. नंबर माझ्या बोटांनी घातला होता. आणि सोयरिकीतलं असलं बोलणं फोनवर होत नाही. दुसऱ्या दिवशी साखर, पाव आणि साबणाच्या वड्या घेऊन मी अविनोबरोबर तिच्या गावाला, सेमेला जाणाऱ्या मटाटू गाडीत चढले. रस्ताभर डोक्यात एकच. अविनोची आई म्हणाली, फसवलंत, तर? माझ्या अतिशहाणपणानं भावाचं लग्न मोडायची पाळी आली होती.

अंगणात पाय ठेवला आणि मी थबकले. आंब्याच्या झाडाखाली निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत उभी होती, कोऱ्या करकरीत.

अविनोची आई उंच, कमी बोलणारी बाई. चळतीतली एक खुर्ची काढून तिनं मला दिली. "बसा बाई. जावईबापूंच्याच आहेत."

"म्हणजे?"

"ते पैसे धाडत होते, तशी मी एकेक खुर्ची घेत गेले. तुमची माणसं मागणी घालायला येतील, ती काय जमिनीवर बसवू? शेजारणींना सांगितलं, माझा जावई दुरून माझं अंगण भरतोय." तिचा आवाज बारीक झाला. "मग थांबलं सगळं. आता शेजारणी विचारतात, खुर्च्या कधी भाड्यानं देणार?"

माझं मन भरून आलं. आणि अगं बाई, त्याच क्षणी मला हसूही यायला लागलं. एकेका खुर्चीत त्या पोराची एकेक वाया गेलेली दुपार दिसत होती मला! मी काही लपवलं नाही. परीक्षा, लागोसवाला, ॲप, माझं डोकं, सगळं सांगितलं. "आई, तो पैसे पाठवत होता तेव्हा वेळ घालवत होता. पैसे थांबले, कारण तुमचा निरोप त्यानं मनावर घेतला."

मग ज्या खुर्चीवर बसली होती तिच्याकडे तिनं खाली वाकून बघितलं.

"म्हणजे मी फुटबॉलवर बसलेय?"

"हो."

तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. कसलं रडतेय! अशी हसली की शेजारच्या दोघी कुंपणावरून डोकावल्या, आणि तिनं त्यांनाही ओरडून सांगितलं. पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "पेपर कधी आहे?"

"सोमवारी."

"मग सोमवारपर्यंत त्यांनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. पण मंगळवारी बसायला सांगा मनसोक्त. मला अजून दोन खुर्च्या कमी पडतायत."

मंगळवारी ओमोलो माझ्या दुकानात पाय पसरून बसला, अविनो शेजारी, आणि दोघांनी मिळून लागोसवाल्याला अशी उत्तरं दिली की त्याचं समाधान झालं असेल. पैसे कापल्याचं सांगत ओमोलोचा फोन वाजत राहिला. मी चहा केला, आणि त्या दिवशी चहाचे पैसे मागितले नाहीत.

निकाल लागला. पास! मी भर बाजारात हाळी घातली, माझी अख्खी भिशी रस्त्यावर येऊन नाचली.

मग आम्ही मागणी घालायला सेमेला गेलो. निळ्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, आमचे काका, मामा ऐटीत बसले. मी शिवलेला सदरा घालून ओमोलो खुर्चीच्या अगदी टोकावर टेकला होता, नजर जमिनीत. पलीकडे दारात सासूबाई उभ्या. त्याच्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या मला म्हणाल्या, "बाई, जावईबापूंना सांगा, नीट मागं रेलून बसा म्हणावं. खुर्चीचे पैसे त्यांनीच भरलेत."