पाऊण मीटर

मला कुणी हुशार म्हटलं की हल्ली डोकं सणकतं. का ते सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो.

कळंबच्या पलीकडे डोंगरात पोशाची वाडी आहे. वाडीतून डांबरी रस्त्याला यायचं तर मधे ओढा लागतो. त्यावरचा लोखंडी पूल माझ्या डिझाइनचा. तिथवर गाडी जात नाही, सगळे भाग खांद्यावरून न्यायचे, म्हणून वजन कमी हवं होतं. मी काम दोन पातळ्यांवर मांडलं. वरच्या पातळीवर अख्ख्या पुलाची उंची, रुंदी, घडण. खालच्या पातळीवर एकेक दांडा, त्याची जाडी किती ठेवायची ते. खालचं उत्तर वर जायचं, वरून नवा आकार खाली यायचा. कॉम्प्युटरवर अशा चारशे फेऱ्या झाल्या आणि वजन एकतीस टक्क्यांनी उतरलं. भिसेगावला घरी माधवीला, म्हणजे बायकोला, जेवणाच्या ताटावर आलेख दाखवत बसलो होतो. काय तो माझा रुबाब!

रुंदीला कमीत कमी किती, ते मात्र माणसाने सांगावं लागतं. वजन उतरवायला सांगितलं की प्रोग्राम त्या आकड्याला जाऊन चिकटणारच, हे नवशिक्यालाही कळतं. तो आकडा मी टाकला. पाऊण मीटर. डोक्यावर मोळी घेतलेलं एक माणूस जाईल एवढा.

आणि मला सांगितलं नव्हतं असंही नाही. पाहणीच्या दिवशी म्हातारा पोशा माझ्या टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. म्हणाला, "सायेब, अडलेली बाई आमी झोळीत नाय नेत. पोट दबतं. बाजंवर निजवून नेतो. चार खांदं लागतात, दोन हिकडं, दोन तिकडं."

मी "बरं बरं" म्हणालो. वहीत लिहिलं नाही. उन्हात उभं राहून कंटाळलो होतो, दुसरं काय.

गेल्या ऑगस्टात पुण्याला याच पुलावर व्याख्यान द्यायचं होतं, म्हणून फोटो काढायला गेलो. पुलाच्या मधोमध उभा होतो. तेवढ्यात वाडीकडून बाज आली. पोशाची सून सुनिता तिच्यावर आडवी, कळा सुरू झालेल्या. पुढच्या दोन खांद्यांत एक तिचा नवरा दशरथ. पोशा काठी टेकत बरोबर चालत होता. अँब्युलन्स रस्त्यावर येऊन थांबली होती.

मी बाजूला व्हायला लागलो तर ते पुलाकडे वळलेच नाहीत. सरळ ओढ्यात उतरले.

"दशरथ, इकडून," मी ओरडलो.

"दोघं शेजारी मावत नाय त्याच्यात," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितलं.

पाणी मांडीपर्यंत होतं. मधे त्याचा पाय शेवाळावर घसरला, बाज कलली आणि सुनिताने दोन्ही हातांनी कड धरली. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं. मी वरून बघत होतो, गळ्यात कॅमेरा. उतरावं म्हणून पाय उचलला, तर खालून पोशाच म्हणाला, "तुमी वरनंच या सायेब. बूट भिजतील."

मी वरूनच गेलो.

पलीकडे बाज धडपणे पोचली. चौघे न थांबता रस्त्याकडे पळाले. पोशा मागे राहिला, पँट पिळत दगडावर बसला. माझं तोंड बघून त्यालाच माझी दया आली असावी.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "तुमाला मी सांगितलंच व्हतं ना चार खांद्यांचं. तुमी लिवलं आसणार. वरच्यांनी लोखंड कमी दिलं, तुमी तरी काय करणार."

आकडा माझा होता, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. तो माझ्याकडे बघत होता.

"हो ना," मी म्हणालो.