देवघरापुढची पिवळी फरशी

हौसरावांच्या खुटबावातल्या नव्या बंगल्यात खुर्शिद फरशी घासत होता. उद्या वास्तुशांत होती. देवघरापुढचा, घासलेल्या दगडाचा रेंदा त्यानं हातानं सारला आणि तो दचकून मागं सरकला. फरशीत वेटोळं घालून साप बसला होता.

मुसलमान कारागिरानं मुद्दाम कोरला, असं कुणी म्हणालं तर? त्यानं मशीनला खरखरीत दगड लावून पुन्हा घासलं. वेटोळं पुसलं तर गेलं नाहीच, उलट ताटलीएवढं होऊन वर आलं. सणसवाडीचा फरशीवाला म्हणाला होता, हा पिवळा राजस्थानी दगड म्हणजे समुद्राचा थिजलेला गाळ, त्यात तेव्हाचे जीव दगड होऊन बसलेत. तेव्हा खुर्शिद हसला होता. आता हसू येत नव्हतं.

मागं बांगड्या वाजल्या. हौसरावांची आई विठाबाई वाकून बघत होती.

"मावशी, मी न्हाई केलं हे."

म्हातारीनं आतून कुंकू आणलं, वेटोळ्याला बोट लावलं आणि हात जोडले. "शाळिग्रामात असतंय तसलं चक्र हाय. देवच आला की घरात."

खुर्शिदचा जीव भांड्यात पडला.

"पर ह्येच्यावर कुणाचा पाय पडला, तर हौसराव तो पाय जाग्यावर ठेवायचा न्हाई," असं म्हणत तिनं दारातून बादलीभर पाणी खोलीत ओतलं.

दिवसभराचा रेंदा वाहून गेला. भिंतीपासून दारापर्यंत फरशीफरशीत वेटोळी होती, आणि खुर्शिद मधोमध अनवाणी उभा होता.