अंगठ्याएवढा पोचा

मला जुना म्हणा, हवं तर म्हातारा म्हणा, पण मोडका म्हणाल तर खबरदार! मित्रांनो, मी एक ॲल्युमिनियमचा लॅपटॉप आहे आणि नाटकात काम करतो. रंगमंचावर नाही हो! प्रेक्षकांच्या पाठीमागे जिना चढून गेलं की काडेपेटीएवढी एक खोली लागते, तिथे. नाटकात फोन वाजतो, दार करकरतं, गाडी थांबते, ते सगळे आवाज माझ्या पोटातून निघतात. टाळ्या मात्र नट घेऊन जातात. चालायचंच.

माझा जन्म कारखान्यातला. एका सबंध वडीतून मला कोरून काढलं, घासलं, पुसलं, आणि असं देखणं केलं की दुकानात माझ्यावरून हात फिरवल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. शेवटी ताईने मला उचललं. ताई म्हणजे आमच्या नाटकाचे आवाज सांभाळणारी. साऱ्या मंडळींची ती ताई, म्हणून माझीही ताईच.

तिने मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. मऊ फडका, मऊ पिशवी, चहाचा कप हातभर लांब. पण एकदा त्या अंधाऱ्या जिन्यावर तिचा पाय घसरला आणि आम्ही दोघं गडगडत खाली आलो. तिला खरचटलंसुद्धा नाही, कारण खाली मी होतो ना! माझ्या पाठीला दोनचार बारके पोचे पडले आणि पुढच्या कडेला एक चांगला अंगठ्याएवढा. ताई रडली. मीही रडलो असतो, पण आमच्या जातीला पाणी सोसत नाही.

आता ऐका गंमत. प्रयोग चालू असताना आमच्या खोलीत मिट्ट काळोख असतो. माझा पडदाही ताई पार काळा करते, नाहीतर उजेड समोरच्या काचेवर पडतो आणि तिला रंगमंच दिसत नाही. नजर रंगमंचावर, हात माझ्यावर. अंधारात चाचपायला माझ्या दोन बटणांवर बारीक उंचवटे होते, पण ते तिच्या बोटांनी केव्हाच झिजून सपाट झाले. मग एके दिवशी तिचा अंगठा आपोआप त्या पोच्यात जाऊन बसला. अगदी चपखल! अंगठा पोच्यात ठेवला की पहिलं बोट फोनवर, मधलं ट्रकच्या हॉर्नवर आणि करंगळी बाळाच्या रडण्यावर. चूक होणे नाही! त्या पोच्याचा मला असा गर्व चढला म्हणता! पण हे गुपित ताईच्या हातालाच ठाऊक होतं. तिने स्वतः ते कधी मनात आणलं नव्हतं, मग बोलून कुठून दाखवणार?

आणि इथेच दादा आला. दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. गाड्यांचे पोचे काढणं हा त्याचा धंदा. रस्त्यात परक्याच्या गाडीला पोचा दिसला तरी याचे हात शिवशिवतात. मला पाहिलं की त्याचं सुरू व्हायचं, "अगं, मी साऱ्या गावाचे पोचे काढतो आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या लॅपटॉपची ही दशा? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" ताई हसण्यावारी न्यायची.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग उद्यावर आला होता. तालमीने दमलेली ताई दुपारी जरा आडवी झाली, तेवढ्यात दादाने मला गुपचूप गॅरेजमध्ये नेलं. स्क्रू उघडून आधी बॅटरी बाजूला काढली. मग माझी कड दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून क्लँप आवळायला लागला. थोडं आवळायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. "पत्रा ठोकला की ऐकतो," तो पुटपुटत होता, "हे ॲल्युमिनियम भलतंच मानी. चिडलं की तडकायचं." शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवला, तेव्हा मला अशा गुदगुल्या झाल्या! पोचे सफाचट! खरं सांगतो मित्रांनो, मीही हुरळून गेलो.

"उद्या लॅपटॉप मीच घेऊन येतो," असं ताईला सांगून दादाने मला रात्रभर लपवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला तिच्या हातात दिलं. "अय्या, दादा!" एवढंच ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिसरी घंटा झाली आणि अंधार झाला.

नाटक होतं एका म्हाताऱ्याचं. लांबच्या गावी त्याची लेक बाळंत व्हायची आहे आणि हा फोनची वाट बघत बसलाय. ताईचा अंगठा माझ्या कडेवर आला. इकडे सरकला, तिकडे सरकला. अगं इथे, इथे! मी जीव तोडून ओरडत होतो, पण मला तोंड कुठे आहे? वेळ झाली, बोट पडलं, आणि फोनच्या जागी ट्रकचा हॉर्न! भोंऽऽऽ! म्हाताऱ्याचं काम करणारे अण्णा मुरलेले नट. रिसीव्हर उचलत म्हणाले, "आमच्या फोनला सर्दी झालेली दिसते!" प्रेक्षक हसले म्हणून निभावलं.

मध्यंतरात दिग्दर्शक जिना दणाणत वर आले. "शेवटी मिट्ट काळोखात बाळाचं पहिलं रडणं आहे. त्यावर माझं अख्खं नाटक उभं आहे. तिथे ट्रक वाजला, तर उद्यापासून या खोलीत पाऊल ठेवू नकोस!"

ते गेले. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती माझ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली आणि एकदम ताडकन उठून कोपऱ्यात बसलेल्या दादाकडे वळली.

"दादा, पोचा!"

"गेला ना? शोधून सापडायचा नाही!" दादा ऐटीत म्हणाला.

"अरे, तोच तर हवा होता मला! अंधारात त्याच्यावरच माझा हात बसतो!"

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "चिकटपट्टी लावू का?"

"घामाने सुटते रे ती. तू परत पाड."

"काय पाड?"

"पोचा! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, मी पोचे काढतो, पाडत नाही!"

पण बोलता बोलता तो जिना उतरून धावलाही होता. गाडीतली हत्यारं घेऊन धापा टाकत आला. ताईने दिव्याच्या उजेडात बोटं बटणांवर नीट ठेवली, डोळे मिटले आणि अंगठा टेकला. "इथे." दादाने पेन्सिलीने खूण केली. मला बंद केलं, बॅटरी काढली. क्लँपच्या एका बाजूला गोल डोक्याचा बोल्ट लावला आणि तो खुणेवर धरला. "जन्मात पहिल्यांदा करतोय गं हे," तो म्हणाला आणि आवळू लागला. दुखलं? दुखलं की! पण मी हूं की चूं केलं नाही.

दुसरी घंटा. बॅटरी आत. तिसरी घंटा. शेवटचा स्क्रू बसला. "ऊठ रे माझ्या राजा," ताई कुजबुजली, आणि मी म्हाताऱ्याने अंगातलं होतं नव्हतं ते बळ एकवटून डोळे उघडले.

शेवटचा प्रवेश आला. अण्णा खिडकीशी पाठमोरे उभे. दिवे मंद झाले आणि मग गेलेच. सगळीकडे काळोख. ताईचा अंगठा आला आणि पोच्यात बसला. करंगळी खाली आली.

बाळ रडलं!

नाट्यगृहात कुठेतरी एक हुंदका फुटला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझे स्क्रू थरथरले. ताईने मला छातीशी धरलं. दादा जिन्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. आता तोच येणाऱ्याजाणाऱ्याला माझी कड दाखवतो, "बघा, हा पोचा मी पाडलाय!"

मित्रांनो, आम्हाला जपा. किल्ल्यांबरोबर पिशवीत कोंबू नका, जिन्यावर सांभाळून न्या. तरी पोचा पडलाच, तर घालवण्याआधी त्या वस्तूवर रोज ज्याचा हात असतो, त्याला एकदा विचारा. एवढंच मागणं आहे.

आता गप्प बसा पाहू. तिसरी घंटा झाली, आणि हा बघा, ताईचा अंगठा आला.