चिमणीने वजन उचललं

लहानपणी अंगाने अगदी किरकोळ होती म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे, आणि ते नाव एकोणपन्नाशीतही सुटलं नव्हतं. चष्म्याच्या भिंगांना आकार देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ती कामाला होती. स्टुलावर बसायचं, फिरत्या चाकाला भिंग टेकवायचं, कड घासायची, पुसून उजेडात धरून बघायचं. सगळं काम बोटांचं. बाकीचं शरीर दिवसभर नुसतं सोबतीला येऊन बसल्यासारखं असायचं.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेला होता. जाताना त्याने आईलाही चल म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या त्या घरी मला बाथरूम सापडायला वर्ष जाईल. आणि तो विषय तिथेच मिटला. पुढे रीतसर घटस्फोट झाला. कायद्याने त्या आता तिच्या कोणी लागत नव्हत्या, पण चिमणी त्यांना आई म्हणायची ती म्हणतच राहिली आणि भांडणंही पूर्वीसारखीच मनापासून होत राहिली.

एका सकाळी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. फारसं लागलं नाही, पण उठता येईना. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या. चिमणीने काखेत हात घालून ओढून पाहिलं, पाठीमागून रेटा देऊन पाहिला, आधाराला स्टूल आणून ठेवलं. सासूबाई जागच्या हलेनात. शेवटी तिने शेजारच्या दोन पुरुषांना हाक मारली. सासूबाईंच्या अंगावर एक ओला टॉवेल होता. दोघं माणसं सभ्य होती. भिंतीकडे बघत त्यांनी म्हातारीला उचललं, पलंगावर ठेवलं आणि चहालाही न थांबता निघून गेली. त्यानंतर सासूबाई दिवसभर गप्प होत्या. गप्प बसलेल्या सासूबाई चिमणीने कधी पाहिल्याच नव्हत्या. संध्याकाळी त्या एवढंच बोलल्या.

"पुन्हा पडले तर पडून राहू दे तशीच. पण माणसं बोलावू नकोस."

वर्कशॉपच्याच रस्त्यावर रंगाच्या दुकानाखाली तळघरात एक जिम होती. रोज तिच्यासमोरून जाणारी चिमणी दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा पायऱ्या उतरली. आत रबराचा आणि घामाचा मिळून एक वास होता. ट्रेनर एक तरणी मुलगी होती. तिने सवयीप्रमाणे विचारलं, वजन कमी करायचंय का.

"नाही," चिमणी म्हणाली. "मला माझ्या सासूबाईंना उचलायचंय."

ट्रेनरने हसण्याआधी क्षणभर विचार केला आणि मग ती हसलीच नाही. "त्यांचं वजन किती आहे?" तिने विचारलं.

सुरुवात नुसत्या काठीने झाली. कंबरेत कसं वाकायचं, पाठ कशी सरळ ठेवायची, पायांनी जमीन कशी रेटायची. मग रिकामा लोखंडी बार, मग त्याला दोन्हीकडे वजनाच्या लहान लहान चकत्या. पहिल्या आठवड्यात चिमणीला वर्कशॉपमधल्या स्टुलावरून उठताना टेबल धरावं लागायचं आणि शेजारचा कारागीर तिला विचारायचा की सासूला उचलायचंय की सासूबरोबर झोपूनच राहायचंय. ट्रेनर तिला काकू म्हणायची. चिमणीने दोनदा हरकत घेतली, मग सोडून दिली.

ती दुपारच्या सुट्टीत जायची. त्या वेळेला जिममध्ये आणखी एकच माणूस असे. तो बेकरीवाला होता. पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. मैद्याची पोती उचलून उचलून त्याची कंबर गेली होती आणि उचलायचं कसं ते नीट शिका, असं डॉक्टरने त्याला सांगितलं होतं. बायको वारून बराच काळ लोटलेला, मुलगी लग्न होऊन लांब. अंघोळ करून यायचा तरी कानामागे थोडं पीठ राहिलेलं असायचं. चिमणीला त्याची एक गोष्ट विशेष वाटली. समोर बाई वजन चुकीच्या पद्धतीने उचलत असतानाही तो सल्ला द्यायला येत नसे. स्वतःचं संपलं की तिच्या चकत्या जागेवर लावून ठेवायचा, इतकंच.

काही महिन्यांनी सासूबाई पुन्हा पडल्या, या वेळी स्वयंपाकघरात. चिमणीने गॅस बंद केला, त्यांच्यासमोर उकिडवी बसली, त्यांचे हात आपल्या मानेभोवती घेतले आणि सांगितलं की मी म्हणेन तेव्हा श्वास सोडा. मग ती उठली. सासूबाई तिच्याबरोबर उठल्या. दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झालं तुझं काम," त्या म्हणाल्या. "आता दुपारी जेवायला घरी येत जा."

म्हणणं बरोबर होतं. ज्यासाठी सुरू केलं ते साधलं होतं. तरी दुसऱ्या दुपारी चिमणीचे पाय तळघराकडेच वळले. बारसमोर उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आज उचलायला काही कारणच नाही. तिने उचललं. बार जमिनीवरून सुटतो त्या घटकेला डोक्यात कोणी म्हणून नसे. ना सोडून गेलेला नवरा, ना सासूबाईंच्या गोळ्या, ना घासायची राहिलेली भिंगं. इतकी वर्षं ती कोणाची ना कोणाची होती, आणि हे एवढंच तिचं एकटीचं होतं. ट्रेनरने बोलता बोलता एका स्पर्धेचं सांगितलं. त्यात पंचेचाळिशीपुढच्या बायकांचा वेगळा गट होता. चिमणीने नाव दिलं आणि घरी येताना आपण हे काय करून बसलो याचा विचार करत राहिली.

बेकरीवाल्याला कळलं तेव्हा त्याने बघायला आलो तर चालेल का, असं विचारलं. चालेल म्हणाली. त्यानंतर तिला जाणवायला लागलं की वर्कशॉपमध्ये आपली नजर घड्याळाकडे जरा जास्तच जाते.

मग तो यायचा थांबला. दोन-तीन दिवस चिमणीने मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी बार हलकाच लावलेला असूनही जड लागला, तेव्हा ती तशीच निघून त्याच्या बेकरीवर गेली. दुकान पुढून बंद होतं. मागच्या दाराशी पोत्यांचा ढीग पडलेला आणि आत तो एका पोत्यावर तिरका बसलेला. कंबर पुन्हा धरली होती. हाताखालचा माणूस सुट्टीवर गेला होता आणि पोती पोचवणारा गाडीवाला माल दारातच टाकून गेला होता.

चिमणीने पर्स खिळ्याला अडकवली. एकेक पोतं शिकवल्याप्रमाणे पायांच्या जोरावर उचलून तिने आत नेऊन रचलं. तो बघत होता. एकदा फक्त म्हणाला की ते डावीकडे ठेवा, उजवीकडे ओल येते. सगळी आत गेल्यावर ती हात झटकत उभी राहिली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "हे उभा राहून सांगायचं ठरवलं होतं. आज ते जमणार नाही."

"बसूनही ऐकू येतं," चिमणी म्हणाली.

त्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये उशिरा पोचली. संध्याकाळी घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या खांद्यावरचं पीठ झटकलं आणि कुठलं म्हणून विचारलं. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, पण सुचेना. तिने सांगून टाकलं. सासूबाई बरं म्हणाल्या आणि टीव्ही बघायला गेल्या.

दोन दिवसांनी चिमणी कामावरून परतली तर पलंगावर बॅग उघडी होती आणि सासूबाई त्यात आपल्या साड्या भरत होत्या. लेकाला फोन केला होता. रविवारी न्यायला येतो म्हणाला होता.

"मी तुम्हाला जा म्हटलं का?"

"नाही म्हटलंस. म्हणूनच निघते आहे. तू म्हणेपर्यंत थांबले तर माझं काय उरलं?"

चिमणी संतापली. तिचा राग नेहमी कामात जायचा, म्हणून तिने आधी कपडे बदलले, चहा टाकला, दोन कप आणून ठेवले. मग बॅगेशेजारी बसली. तिने सांगितलं की तो चांगला माणूस आहे, पुढे काय होईल ते तिलाही माहीत नाही, पण या घरातून कोणी गेल्याने तिची सोय होईल असा हिशेब तिने केलेला नाही.

"जायचं असेल तर जा," ती म्हणाली. "पण माझ्या नावावर जाऊ नका. निदान मला विचारा तरी."

सासूबाईंनी चहा संपवला. "विचारते मग. जाऊ?"

"नको."

सासूबाई बराच वेळ बॅगेच्या चेनशी खेळत बसल्या. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी लेकाला येऊ नको म्हणून कळवलं. त्याने का ते विचारलं नाही. ते मात्र त्यांना लागलं, आणि ते चिमणीला दिसलं.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पहिल्या रांगेत सासूबाई काठी घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी बेकरीवाला, कंबरेला पट्टा बांधून. दोघांची ही पहिलीच भेट. सासूबाईंनी त्याला झोप किती तास लागते, साखर आहे का, आणि मुलगी वर्षातून किती वेळा येते हे सगळं विचारून घेतलं. तो परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होता.

चिमणीच्या गटात तिघीच होत्या. पहिल्या दोन खेपांना तिने वजन नीट उचललं. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःहून जास्त मागितलं. ट्रेनरने नको म्हटलं होतं. बार गुडघ्यापर्यंत आला, तिथे थरथरत थांबला आणि खाली गेला. हॉलमध्ये थोड्या टाळ्या झाल्या. चिमणी बाजूला येऊन बाकावर बसली, पाणी प्याली. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने मनात चाचपून पाहिलं, पण हाताला लागलं ते एवढंच, की अजून थोडं उचलता येईल. तिघींत ती तिसरी आली. सासूबाईंनी सगळ्या इमारतीत तिसरा नंबर आल्याचं सांगितलं. एकूण किती जणी होत्या ते कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

लग्न करायचं की नाही हे दोघांनी लगेच ठरवलं नाही. बेकरीवाला दुपारी जिमनंतर चिमणीबरोबर घरी जेवायला येऊ लागला. पहाटेपासून उभा असलेला माणूस, जेवला की त्याचे डोळे मिटायचे. तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय दुमडून झोपायचा आणि खणखणीत घोरायचा. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसून टीव्हीचा आवाज वाढवत आणि पुन्हा स्वतःच कमी करत. असे पाच-सहा आठवडे गेले. मग एके दिवशी चिमणी कामावर परत निघाली असताना त्यांनी तिला दारात थांबवलं.

"त्यांना आत तुझ्या खोलीत झोपायला सांग," त्या म्हणाल्या. "मला इथे बसायचं असतं."

चिमणीने चप्पल काढली आणि ती त्याला उठवायला आत वळली.