पुढचं गाव

"गाडा हितंच थांबवा," म्हणत कान्हू वाटेत आडवा उभा राहिला.

हलगी बंद पडली. वरच्या वाडीची माणसं मरीआईचा लाकडी गाडा दोरानं ओढत तळ्याच्या उतारावर आली होती. गाड्यात शेंदूर फासलेली देवी होती, लिंबं होती, हिरव्या बांगड्या होत्या. देवीच्या पायाशी पटकीच्या साथीत उलट्या-जुलाबांनी गेलेल्यांचे कपडे आणि अंथरुणं कोंबली होती.

पटकी शिरली की देवीला गाड्यात बसवायची आणि रोगासकट गावच्या शिवेवर नेऊन सोडायची, अशी मावळातली चाल. पुढच्या गावानं गाडा घ्यायचा आणि त्याच्या पुढच्या गावाच्या गळ्यात घालायचा. प्रत्येक गावाला पुढचं गाव असतंच, या भरवशावर ती चाल चालत आली होती. पण वरच्या वाडीला आता पुढचं गाव नव्हतं. धरण झालं, कातळवाडी तळ्याखाली गेली आणि तिच्याबरोबर शिवेचा धोंडाही गेला. म्हणून शिदू भगतानं ठरवलं, शीव पाण्यात तर गाडाही पाण्यात.

कान्हू तळ्याचा राखणदार. जन्म त्याच बुडालेल्या कातळवाडीतला. गाव उठलं तेव्हा माणसं पांगली, काही वरच्या वाडीत शिरली, आणि हा मात्र काठाला चिकटून राहिला. उतारावरचं झाड तोडू देत नसे, काठाला कुणाला बसू देत नसे. लोक त्याला पाण्याचा जावई म्हणून चिडवत. कुणी गुरं धुवायला आणली की दुसऱ्या राखणदारानं धरणावरच्या साहेबाचं नाव काढलं असतं. कान्हू एवढंच म्हणे, "आत माणसं हायती." लोक हसत. पण दिवस कलला की त्या काठाला थांबायला कुणी धजत नसे, हेही तितकंच खरं. तो स्वतः तळ्यात कधी खडा मारत नसे. न जाणो, कुणाच्या छपरावर पडायचा.

"बाजूला हो, कान्हू," शिदू भगत म्हणाला. "वाडीत पोरं मरत्यात. देवी शिवंपार गेल्याबिगर साथ थांबनार न्हाई."

"आबा, ह्ये पानी धरनाच्या मोरीतनं खाली जातं. खालची वाडी त्येच पिती. माजी लेक चिंगी तितं दिलीया. तिची लेकरं त्येच पित्यात."

"म्हंजी तुजी तेवडी लेकरं, आन् आमची?"

दोर धरलेल्यांत त्याची भावजय बाया होती. तिचा नवरा, कान्हूचा थोरला भाऊ, मागंच वारला होता आणि आदल्या दिवशी तिचा एकुलता एक मुलगा गेला. डोळ्यांत पाणी नव्हतं; दोर सोडायला ती तयार नव्हती.

"भाऊजी, माजा तर गेला," ती म्हणाली. "पर शेजारची दोन पडून हायती. तेंचं तोंड बगून वाट सोडा."

तिच्याकडं बघता बघता कान्हूची नजर गाड्यात गेली. कपड्यांत सगळ्यांत वर त्याच्या आईनं शिवलेली वाकळ होती. कातळवाडीतल्या घराघरांतून जुनेर मागून आणून आईनं ती शिवली होती. कुणाच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या पागोट्याचा तुकडा. गावातलं पाण्याबाहेर राहिलेलं म्हणावं तर तेवढंच होतं. बायाचा मुलगा त्याच वाकळेवर गेला होता.

देवी आहे की नाही, हा प्रश्न कान्हूला कधी पडला नव्हता. देवी होतीच. तिला हाकलून चालणार नाही, आणि पाण्यात सोडून तर मुळीच नाही. लेक खाली, गाव आत, आणि समोर ही सोन्यासारखी माणसं. त्याला सगळीकडून कोंडल्यासारखं झालं. मग तो एकाएकी म्हणाला, "गाडा मी घेतो."

"तू?"

"पुडच्या गावानं घ्यायचा आसतो न्हवं? मी कातळवाडीचा. आमचं गाव गाडा घेतंय. माज्या चौकीच्या दारात सोडा."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. शिदू भगत रीतीला पक्का. तो म्हणाला, "गाडा घ्याया गावची सवाशीण लागती. तिनं भाकर-पानी ओवाळाया पायजे. तू रंडका मानूस. तुज्या गावात सवाशीण कुटं हाय?"

कान्हूनं तळ्याकडं पाहिलं. "हायत्या की. खाली लय हायत्या."

कुणीच हसलं नाही. वारा पडला होता आणि पाणी नुसतं काळंभोर दिसत होतं. चौकी काठापासून वर, उघड्या कातळावर होती. गाडा तिथवर ओढून नेला. कान्हूनं घरातनं भाकरीचा तुकडा आणला आणि तांब्या घेऊन तळ्याशी गेला. तिथं वाकून तो हलक्या आवाजात काहीतरी बोलला. बायकांची नावं घेत होता, असं बाया पुढं सांगत असे. मग त्यानं भाकर-पाणी ओवाळून टाकलं आणि शिदू भगतानं दोर त्याच्या हातात दिला.

गाडा सोडला की मागं वळून बघायचं नाही, आणि देवी पुढं जाईतो त्या गावात पाऊल टाकायचं नाही. माणसं निघाली. बाया एकदा थांबली, पण वळली नाही.

कान्हू एकटा उरला. आता कपड्यांचं करायचं काय? काठाला पुरावेत तर पहिल्या पावसात तळ्यात येणार. खिंडीपलीकडं टाकावेत तर तिकडचं पाणी कोकणात उतरतं, आणि कोकणातही माणसंच पितात. कुठंही टाकलं तरी ते कुणाच्या ना कुणाच्या घागरीत जाणार. शेवटी तो सगळं उचलून वरच्या पठारावर गेला आणि कातळातल्या एका कोरड्या खड्ड्यात त्यानं जाळ केला. देवीला मात्र चौकीत ठेवली. वाकळ शेवटी उरली. ती छातीशी धरून तो बराच वेळ बसला. तिचा घामाचा आणि आजाराचा वास त्याच्या अंगाला लागला. मग त्यानं तीही जाळात घातली आणि आई मेली तेव्हा रडला नव्हता तेवढा रडला.

दोन दिवसांनी पहाटे त्याच्या पोटात कळ आली. एकदा उलटी झाली आणि त्याला सगळं कळून चुकलं. उजाडेपर्यंतही तो चौकीत थांबला नाही. भिंतीला, झाडाला धरत, रांगत पठारावर चढला आणि त्या खड्ड्याशी, राखेजवळ जाऊन पडला. तिथून खाली पाण्याला काही लागणार नव्हतं.

उन्हं वर आली तेव्हा चिंगी भाकरी घेऊन आली. चौकी उघडी बघून तिनं हाका मारल्या. कान्हू कसाबसा कोपरावर उठला.

"तितंच थांब! वर येऊ नगंस."

"बा? तितं काय करतूयास?"

"गाडा घेतलाय म्या. देवी हाय माज्याकडं."

चिंगी जागच्या जागी उभी राहिली. तिला चाल ठाऊक होती. "मग कदी येऊ?"

"देवी पुडं गेली की."

पुढं म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही. भाकरीचं फडकं तिनं दगडावर ठेवलं आणि डोळे पुसले. "तांब्या भरून ठिवू का? ऊन लय झालंय."

कान्हूची जीभ टाळ्याला चिकटली होती. पण तांब्यापाशी उतरायचं म्हणजे रोग पुन्हा पाण्याजवळ न्यायचा. खाली सगळं तळं उन्हात लखलखत होतं.

"मला न्हाई तहान. तू पी."

चिंगी काठाला गेली. पाय न बुडवता दगडावर उकिडवी बसली आणि ओंजळीनं पाणी पिऊ लागली. चढून आली होती, तिला तहान लागली होती. ती पोटभर प्याली. कान्हू वरून बघत होता.